पाळी कोणाची चुकली?

श्रावण अर्धा सरला आणि पावसानं अशी दडी मारली, की धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, जागच्या जागी पिवळे पडले आणि शेताच्या बांध्यांतल्या चिखलाच्या पापड्या निघाल्या. चिचटोल्याच्या लोकांचा जीव आता एका तलावावर टांगला होता. मालगुजाराच्या काळचा तलाव तो. त्याचं पाणी बाहेर सोडायचं जे दार असतं, त्याला आपल्याकडे तुडुम म्हणतात. ते तुडुम फिरवायचा लोखंडी दांडा खांद्यावर टाकून जो माणूस गावभर छाती काढून फिरायचा, त्याचं नाव देवाजी. आज पाणी कोणाच्या बांधीत, उद्या कोणाच्या, सगळ्यांच्या पाळ्या त्याला तोंडपाठ. देवाजीच्या आज्याला त्या तलावाच्या घाटावर पाय ठेवू देत नव्हते. आता नातवानं दांडा फिरवल्याशिवाय पाटलाच्या बांधीतसुद्धा थेंब पडत नव्हता. म्हणून देवाजी थोडा फुगून चालला, तर लोक चालू देत.

त्या दिवशी सकाळीच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भांडण पेटलं. मुखरू म्हणे, माझी पाळी चुकवली. मुखरूची बांधी पाटाच्या पार शेवटच्या टोकाला, आणि त्याचा आवाज मात्र गावात पहिल्या नंबरचा.

"देवाजी, आज पानी नाई भेटलं तर मी तुह्या दांड्यावरच येऊन बसतो, सांगून ठेवतो!"

"बस ना बाप्पा! पन ह्या देवाजीनं आजपावेतो कोनाची पाळी चुकू देल्ली नाई. कोनालेबी इचार! तुही पाळी उद्या हाये, उद्याच भेटन."

"उद्या पऱ्हे जळून गेल्यावर काय त्याची राखुंडी घासू?"

वीस-पंचवीस माणसं जमलेली. खाली शेताच्या धुऱ्यावर रोवण्याच्या बाया पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन, पाणी केव्हा सुटते म्हणून बसलेल्या. त्या टोळीची पुढारीण अंजना, म्हणजे या देवाजीचीच बायको. तीन लेकरांची माय. अंगानं काडी, पण रोवायला वाकली की बाकीच्या बायांची दमछाक करायची. आज मात्र सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. हाताची बोटं मोजायची, पुन्हा मोजायची, आणि दर वेळी हिशेब तिथंच येऊन अडायचा. शेवटी तिला राहवलं नाही. पदर सावरून ती पाळीवर चढली आणि देवाजीच्या मागं जाऊन हळूच म्हणाली,

"पिंकीचे बाबा, जरा बाजूले या ना."

"काय वं? दिसत नाई का, भांडन चालू हाये!"

"माही पाळी चुकली."

आता पाहा, माणसाचं डोकं जिथं गुंतलेलं असतं, तिथलंच त्याला ऐकू येतं. देवाजीनं कपाळावर हात मारला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"घ्या! आता माह्या घरच्याच बाईची पाळी चुकली म्हन्ते! अवं, आपल्या बांधीत परवाच सोडलं ना पानी? रातभर सोडलं होतं!"

मग धुऱ्यावरून बायांचा असा हशा फुटला, की तलावातले बगळे उडाले. मुखरू भांडण विसरला. पोट धरून म्हणाला,

"मंग चुकनारच ना गा! रातभर सोडशीन तर काय होईन?"

अंजनाच्या कानशिलापासून मानेपर्यंत आग झाली. तिला वाटलं, याच तलावात याला ढकलावं आणि वरून दगड टाकावा. "तुमच्या त्या दांड्याले लागो आग!" एवढं बोलून ती तरातरा पाळ उतरली. देवाजी दांडा धरून तसाच उभा. हसून राहिले ते काऊन, हे त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. ध्यानात आलं तेव्हा तो दांड्यासकट मटकन खाली बसला.

अंजना घरी आली आणि चुलीपुढं बसून राहिली. चूल पेटवायचंही सुचलं नाही. गावाला हसायला झालं, पण तिला जिवाची धास्ती पडली होती. मागच्या खेपेला, तिसऱ्याच्या वेळी, अशाच पावसाळ्यात तिला तालुक्याच्या गावी, मूलच्या दवाखान्यात नेताना जीप नाल्यात फसली. पोरगं झालं ते जीपमध्येच, आणि त्यानंतर जे रक्त सुरू झालं ते थांबेचना. तिच्या अंगाखालची घोंगडी पिळली तर बादली भरली असती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं नंतर साफ सांगितलं होतं, "बाई, रक्त भरल्याशिवाय तुझं ऑपरेशन करता येणार नाही, आणि पुन्हा दिवस गेले तर तुझ्या जिवाचा भरवसा मी देणार नाही." ते शब्द अंजनाच्या कानातून गेले नव्हते. चौथं लेकरू नको, हे एक झालं. पण आपण मेलो तर या तिघांना कोण जेवू घालणार? देवाजी? त्याला भाकर थापता येते का!

देवाजी आला तो भिजलेल्या कोंबड्यासारखा. दारातच उभा राहून म्हणाला, "पन मी तर गोळी देत होतो ना वं तुले!"

"देत होते! धानाले पानी देल्लं तसे देत होते!"

आता गोळीची गोष्ट सांगावी लागते. चैत्रात गावात रशिदा नर्सबाई आली होती. मूलच्या शेखांची लेक, लुनावरून फिरायची, तोंडाची फटकळ, पण बायांना तिच्यापुढं मन मोकळं करायला लाज वाटत नसे. तिनं अंजनाला सरकारी गोळ्यांचं पाकीट दिलं, "रोज रात्री एक, न चुकता." अंजनाचा दिवस पहाटे सडा घालण्यानं सुरू व्हायचा आणि रात्री ती जेवताजेवताच पेंगायची. पहिल्याच महिन्यात एकदोन गोळ्या राहून गेल्या. ते पाहून देवाजीला चेव आला. म्हणाला, "आन इकडं ते पाकीट! साऱ्या गावाच्या पाळ्या मी सांभाळतो, तुही नाई सांभाळनार?" आणि पाकीट त्याच्या कमरेच्या बटव्यात, तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पुडीशेजारी जाऊन बसलं.

पण देवाजी पाणी वाटणारा माणूस. त्याचं डोकं चालायचं ते पाण्याच्या हिशेबानं. धानाला रोज पाणी दिलं तर धान सडते, लागेल तेव्हाच द्यायचं. मग गोळी तरी रोज कशाला? ज्या रात्री आपण तुडुम राखायला तलावावर झोपतो, त्या रात्री बायकोला गोळीचं काय काम? फुकट वाया! म्हणून तो घरी असला की गोळी, तलावावर गेला की नाही. एक पाकीट दुप्पट दिवस पुरायला लागलं, आणि सरकारचा माल वाचवला म्हणून देवाजीची छाती आणखी फुगली.

आणि खरं सांगायचं, तर अंजनालाही यात काही खोट दिसली नव्हती. पहिल्या दिवसांत गोळीनं तिला मळमळायचं. चिखलात वाकून रोवताना उमासे यायचे. एखाद्या रात्रीची सुट्टी मिळाली तर तिला बरंच वाटायचं. म्हणून तिनंही तोंड उघडलं नाही. आता बैल गेला आन् झोपा केला.

"माह्या जिवाचं काय होईन, सांगा ना!" अंजना ओरडली. "मी मरतो, आन तुमी दांडा घेऊन फिरा!" आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू तिला आलं. देवाजीनं तिच्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न केला. तिनं तो झिडकारला.

आतल्या खोलीतून देवाजीची माय, आशाबाई, टुणटुणत बाहेर आली. सत्तरीची म्हातारी. दोन महिन्यांपूर्वी भिंतीला धरून चालायची, आता बाजारात एकटी जाऊन सुकट घेऊन यायची.

"काय झालं वं? काऊन रडून राह्यली?"

"काई नाई माय, तू झोप," देवाजी म्हणाला.

"झोपतो. पन माह्या काळ्या गोळ्या सरल्या रे. त्या नर्सबाईपासून आनजो. लय गुन हाये त्यायले."

देवाजीनं खाली मान घातली. पाकिटात पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटी काही काळपट गोळ्या असायच्या. देवाजीला वाटलं, या वरकडच्या असतील, फेकण्यापेक्षा बुढीला द्याव्या. बुढीला त्या मानवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईचा अंगणवाडीत येण्याचा वार होता. तिघंही गेले. म्हातारीला नको म्हटलं तरी ती गोळ्यांसाठी सोबत निघालीच.

रशिदानं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. मग चष्मा काढून पुसला. मग तिला राहवलं नाही.

"देवाजीभाऊ, तुम्हाला कोणी सांगितलं एक दिवसाआड गोळी द्यायला?"

"कोनं कायले सांगाव? अक्कल हाये ना आपल्याले. जवा मी घरीच नाई, तवा गोळी कोनासाठी?"

"या अल्ला!" रशिदानं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ही काय त्या रातीची गोळी आहे का? नीट ऐका. बाईच्या अंगात महिन्याला एक अंडं पिकते आणि सुटते. ही गोळी रोज पोटात गेली, की अंडं सुटायचं ते दार बंद राहते. रोज गेली तरच. दोन-तीन गोळ्या चुकल्या, की दार उघडलं समजा. त्या राती तुम्ही तलावावर होते की चांद्याला, त्याचं दाराला काय घेणं?"

"पन दुसऱ्या राती तर मी गोळी देल्ली ना?"

"तोवर अंडं सुटून गेलं असलं तर? आणि तुमचं बी बाईच्या अंगात किती दिवस जीव धरून राहते, माहीत आहे? चार-चार, पाच-पाच दिवस! चिखलात टाकलेलं धान काय त्याच राती मरते?"

देवाजीचं तोंड उघडं पडलं. तुडुम, दार, पाणी, बी, हे सगळं त्याच्याच भाषेतलं होतं, आणि त्याच्या डोक्यात ते सरळ जाऊन बसलं.

"म्हन्जे..." तो सावकाश म्हणाला, "मी तिकडं तलावाचं तुडुम राखत बसलो, आन इकडं घरचं तुडुम उघडंच!"

"हौ! आता समजलं!"

"गावाचा एक थेंब वाया जाऊ देल्ला नाई शिस्टर, म्या..." पाणी वाटणाऱ्या माणसाला याहून मोठी शरम नाही. अंजनानं त्याच्याकडं पाहिलं. कालपासून पहिल्यांदा तिला त्याची थोडी कीव आली, पण तिनं ती दाखवली नाही.

"आन माह्या काळ्या गोळ्या?" आशाबाईनं मधेच तोंड घातलं.

"कोणत्या काळ्या?"

देवाजीनं सांगितलं. रशिदा खुर्चीवरून पडायची राहिली. "अहो, त्या पण याच पाकिटातल्या! पाळणा लांबवायच्या पाकिटातल्या!"

म्हातारी ताडकन उठली. "काय? पाळना लांबवाच्या? अरे देवाजी, मुडद्या! तुहा बाप मरून जमाना झाला, आन तू मले पाळना लांबवाच्या गोळ्या चारल्या? गावात तोंड कसं दाखवू? लोक काय म्हन्तीन, बुढीनं कोन धरला?"

अंगणवाडीतली खिचडी खाणारी लेकरंसुद्धा हसायला लागली. रशिदानं म्हातारीचा हात धरून तिला खाली बसवलं. काळ्या गोळ्या नुसत्या लोहाच्या, रक्त वाढायच्या, हे समजावून सांगितलं. पांढऱ्या संपल्या की बाईनं या घ्यायच्या, म्हणजे रोजची सवय मोडत नाही, आणि त्याच दिवसांत पाळी येते. रक्त तर अंजनाला पाहिजे होतं, तिच्याच वाटचं लोखंड देवाजीनं मायच्या पोटात घातलं.

"म्हन्जे माह्यात काई बिघाड नाई?" आशाबाईनं विचारलं.

"काही नाही. उलट तब्येत सुधारली तुमची."

म्हातारीनं लगेच हात पुढं केला. "मंग तशाच काळ्या गोळ्या मले आनखी दे. पन पांढऱ्यायच्या संगती नको. निराळ्या पुडीत बांध."

अंजनानं मात्र हसण्यावर नेलं नाही. "शिस्टर, मले एवढंच सांगा. राह्यलं का, नाई राह्यलं?"

रशिदाचंही हसू गेलं. "आत्ता नाही सांगता येत, बाई. गोळ्या अशा अर्धवट घेतल्या की पाळी उशिरानंही येते, लवकरही येते, काही नेम नसतो. तपासायची पट्टी माझ्याजवळ नाही. बुधवारी मूलच्या मेडिकलातून घेऊन येतो. तोवर दम धरा. आणि काही झालं तरी आपण वेळेवर रस्ता काढू. घाबरू नका."

घाबरू नका म्हणायला काय जाते! ज्याचं जळते त्याला कळते. घरी येताच अंजनानं देवाजीची चटई गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुमचा बिस्तर. आता तलावच तुमची बायको. तिच्यापाशी झोपा. तिची पाळी तरी चुकत नाई तुमच्याकडून."

देवाजी चटई, दांडा आणि खर्ऱ्याची पुडी घेऊन निघून गेला.

मंगळवारी पाऊस वळला. आभाळ अंधारून आलं आणि पहाटेपासून रिपरिप सुरू झाली. गावात एकच धांदल. नांगर, पेंढ्या, बाया, सगळं बांध्यांत उतरलं. अंजनाची टोळी त्या दिवशी मुखरूच्या बांधीत होती. पाऊस अडवायला डोक्यावर मोऱ्या, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पाठीवर पाऊस. बाया वाकून रोवत होत्या, पण जिभा काही वाकल्या नव्हत्या.

"का वं अंजना, बुधवारी का होईन?" अंजनाच्या बाजूला रोवणारी सोमारी बोलली. सोमारी मुखरूची बायको. पाच लेकरं, सहावं मागच्या वर्षी गेलं.

"का होईन? राह्यलं असन तर मरन. नसन तर जगन."

"असं नोको बोलू वं. मले तर त्या गोळीचा पत्ताच नाई. आमचा मुखरू म्हन्ते, गोळ्या खाल्ल्या का बाईले मिशा फुटतात."

"मंग त्याले म्हन, तूच खा. त्याले तरी फुटतीन!"

बाया चिखलात हसत वाकल्या. मुखरूला मिशा नव्हत्या हे सगळ्या गावाला माहीत होतं. अंजनाही हसली, पण कंबरेत सकाळपासून एक कळ येत-जात होती. तिला वाटलं, वाकल्यानं असेल. पेंढी घ्यायला ती सरळ झाली आणि पोटरीवर काहीतरी ऊन ऊन सरकलं. तिनं लुगडं थोडं वर धरून पाहिलं. चिखलाच्या पाण्यात एक लाल ओघळ उतरत होता.

अंजनानं आभाळाकडं तोंड केलं आणि जीव खाऊन ओरडली, "आली वं! आली वं बाया, आली!"

तिकडं तलावाच्या पाळीवर छत्री धरून बसलेल्या देवाजीच्या कानावर ते गेलं. तो उठून, तोंडाशी हात धरून ओरडला, "कोनाच्या बांधीत आली?"

बाया चिखलात बसल्या. सोमारी तर पाठीवरच पडली. हसून हसून एकीचीही मान वर होईना. अंजना धुऱ्यावर जाऊन बसली आणि मोऱ्याच्या आडोशाला तोंड लपवून ढसाढसा रडली. जगणं परत मिळालं होतं, दुसरं काय! ज्या दुखण्याला ती दर महिन्याला शिव्या द्यायची, त्याच दुखण्याला त्या दिवशी तिनं हात जोडले.

देवाजी धावत आला. चिखलात एक चप्पल रुतली ती तशीच सोडली. अंजनाचं तोंड पाहून त्याला सगळं समजलं. तो तिच्या बाजूला पावसात बसला. मुखरू दुरून बोंबलला, "पानी सोडाचं सोडून बायकोपाशी कायले बसला बे?" पण देवाजी तिथून हलला नाही.

बुधवारी रशिदा आली. पट्टीची गरज उरली नव्हती, पण अंजना म्हणाली, "बसा शिस्टर. आता पक्कं सांगा. यानंतर मले हे बोटं मोजनं नाई पायजे."

रशिदानं सांगितलं. गोळी रोज घेणार असशील तर गोळी चांगली, रक्तही कमी जाते, मळमळ दोन-तीन महिन्यांत थांबते. तांबी आहे, ती एकदा बसवली की वर्षानुवर्षं पाहायला नको.

"तांबी कुठी ठेवाची?" आशाबाईनं विचारलं. "आमच्या घरी पितळीच हाये."

"पाण्याची तांबी नाही हो बाई, गर्भपिशवीत बसवायची, बारीक असते. पण तुझं रक्त आधीच कमी, अंजना, आणि तांबीनं पाळीला जरा जास्त जाते, म्हणून मला ती तुझ्यासाठी पसंत नाही. तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे, बाहेरून विकत घ्यावं लागते. आणि तुझं ऑपरेशन रक्त भरल्यावर." एवढं बोलून रशिदा देवाजीकडं वळली. "सगळ्यात सोपं तर तुमचंच आहे, भाऊ. टाका नाही, घरी यायला त्याच दिवशी मोकळे. सोमवारी मूलला नसबंदीचं शिबिर आहे."

देवाजीचा हात आपोआप दांड्यावर गेला. "माह्यं? नाई बाप्पा! मले बांध चढा लागते, तुडुम फिरवा लागते. मानूस त्यानं कमजोर होते. मुखरू म्हन्ते, बैल ठेचल्यावानी होते सारं."

"मुखरू डॉक्टर आहे का? बैलाचं सारं ठेचतात, इथं फक्त एक बारीक नस बांधतात. बाकी सगळं जागच्या जागी राहते. जोर तोच, मन तेच."

"सांगाले काय जाते..." देवाजी पुटपुटला.

अंजना सारं ऐकत होती. आता ती म्हणाली,

"पिंकीचे बाबा, एक सांगा. तुमी तुडुम बंद करता, तवा तलाव आटते का?"

"नाई. आटन कायले?"

"त्यातले मासे मरतात?"

"नाई."

"लाटा बंद होतात?"

म्हातारीनं पदर तोंडात घातला.

"तलाव जसाच्या तसा भरून राह्यते ना? नुसतं पानी बांधीत जात नाई. मंग?" अंजना म्हणाली. "तीन लेकरं म्या काढले, एकात मरता मरता वाचली. आता एक वेळ तुमी तुमचं तुडुम फिरवा. नाई तर आहे तो बिस्तर, आन आहे तो तलाव."

देवाजीनं रात्रभर तलावाकडं पाहिलं असेल की नाही, कोणाला माहीत. सोमवारी सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून रशिदानं आणलेल्या शिबिराच्या गाडीत बसला. दांडा मात्र त्यानं अंजनाच्या हातात दिला आणि म्हणाला, "दुपारी पाटलाची पाळी हाये. दोन फेरे डाव्या अंगाले. जास्त नको फिरवू." अंजनानं त्या दिवशी तुडुम फिरवलं. पाटलानं पाहिलं आणि पाणी घेतलं.

संध्याकाळी देवाजी पाय जरा फाकवून चालत आला. मुखरू पारावर वाटच पाहत होता. "का गा, दांडा सरकारजमा केला का?"

"दांडा हाये जागेवर," देवाजी म्हणाला. "नुसतं दार लावलं."

पुढं देवाजी एवढा बदलला, की लोकांना त्याचा त्रास व्हायला लागला. जो भेटेल त्याला धरून समजावायचा. "आन एक ध्यानात ठेवजो, तुडुम बंद केलं तरी पाटात पानी राह्यतेच. ते वाहून जाईस्तवर तीन महिने दम धरा लागते. तवापर्यंत बाईनं गोळी घ्यावं, नाई तर आपन निरोध वापरावं. घाई केली का गडबड." गोळ्यांचं पाकीट आता अंजनाच्या पदराच्या गाठीत असायचं. पांढऱ्या सरल्या की काळ्या तीच खायची. आशाबाईला तिच्या गोळ्या निराळ्या पुडीत मिळायच्या.

आश्विनात धान पोटरीला आलं आणि तलावाच्या शेवटच्या पाळ्या लागल्या. पुन्हा गर्दी, पुन्हा तेच भांडण. मुखरू सगळ्यांना ढकलत पुढं आला.

"देवाजी! बाकी सोड, माही पाळी कवा, ते सांग!"

देवाजी तोंड उघडणार, तोच मागून, पाळीवर पाटी घेऊन उभ्या असलेल्या अंजनानं सांगितलं,

"सोमवारी, मुखरूभाऊ. मूलले. शिस्टरची गाडी सकाळी येते, आंघोळ करून राहजा."

पाळ हशानं दणाणली. मुखरू लाल झाला. "अवं, मी पान्याची इचारून राह्यलो!"

बायांतून सोमारी पुढं आली. पाच लेकरांची माय, हातातल्या विळ्याला अजून गवताचा चीक लागलेला. ती हसत नव्हती.

"आन मी बी पान्याचीच सांगून राह्यली," ती म्हणाली. "नाव लिवलं म्या तुमचं. नाई गेलात तर या तलावावर आनखी एक बिस्तर लागन."

पहिल्यांदाच गावात मुखरूचा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

देवाजीला मोठं समाधान वाटलं. छाती काढून तो म्हणाला, "नंबर पक्का समज मुखरू, घाबरू नको! आजपावेतो ह्या देवाजीनं कोनाची पाळी..."

एवढं म्हणून त्याची नजर अंजनाकडं गेली. अंजना पदराच्या गाठीवर हात ठेवून त्याच्याकडं पाहत होती. देवाजीनं तोंड मिटलं, दांडा खांद्यावर टाकला, आणि मुखरूच्या बांधीचं पाणी सोडायला निघाला.